आरवाडे सरांच्या फाटकापुढची कड

"मग काम झालं असं म्हणायचं तरी कधी, चाचा?"

दस्तगीर मिस्त्री ग्राइंडरची वायर कोपर आणि पंजाभोवती गुंडाळत होते.

केतकी चौगुले गुडघ्यांवर बसली होती, केसांपासून बुटांपर्यंत सिमेंटच्या राखाडी पिठानं माखलेली. तिनं पातळी बघायचं लेझर पुन्हा एकदा लावलं. लाल रेघ फूटपाथवरून सरळ निघून गेली. कुठं तुटली नाही, कुठं उडाली नाही.

"बघा. केसभर फरक नाही."

"बघितलं."

"मग?"

"मग चहा."

"चाचा, दोन नंबरची कड मला एकटीला कधी देणार, तेवढं सांगा."

"ही झाली की."

"ही झालीय."

मिस्त्री हसले आणि फाटकाच्या खांबाला टेकून बसले.

मिरजेतल्या त्या कॉलनीत प्रत्येक घरापुढं, फाटकापासून रस्त्यापर्यंत, गाडी काढायला काँक्रीटचा पट्टा घातलेला आहे. त्याला लागून फूटपाथ. आरवाडे सरांच्या फाटकापुढं करंजाच्या मुळानं फूटपाथ उचलला होता आणि पट्ट्याला तो जिथं मिळतो तिथं अंगठाभर कड वर आली होती. चौदा वर्षं अख्खी कॉलनी तिला ठेचकाळत होती. सातवीत असताना, सरांच्या भूमितीच्या शिकवणीला पळत येताना, केतकीही तिथंच आपटली होती. हनुवटीला तीन टाके पडले.

गेल्या श्रावणात खुद्द सर पडले. खुबा मोडला. हाड जुळलं, डॉक्टर चाला म्हणाले. पण सर काही फाटकाबाहेर आले नाहीत. कोपऱ्यावरच्या वाचनालयात, खिडकीजवळची त्यांची खुर्ची नऊ महिने रिकामी होती.

ही बातमी केतकीला जर्मनीत कळली. ती तिथं रस्ते आणि फूटपाथ बांधायचंच शिकत होती. दृष्टी नसलेली माणसं पांढरी काठी घेऊन एकटी बाजाराला जाताना तिनं तिथं रोज पाहिली होती. आणि आपल्या मिरजेत, ज्यानं तिला सरळ रेघ म्हणजे काय ते शिकवलं, तो माणूस अंगठाभर काँक्रीटपायी घरात कोंडून बसावा? नोकरीचं पत्र हातात आलेलं असताना ती परत आली आणि दस्तगीर मिस्त्रींपुढं उभी राहिली. काँक्रीट कापण्या-घासण्यात त्यांच्याएवढा हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. त्यांच्याकडं जाण्याआधीच तिनं कॉलनीभर फिरून अशा बेचाळीस कडा शोधल्या होत्या आणि पिवळ्या खडूनं प्रत्येकीवर आकडा घातला होता.

मिस्त्रींची एक रीत होती. शिकायला आलेल्याच्या हाती पहिले आठ दिवस मशीन द्यायचं नाही. जिथं काम करायचं तिथं त्यानं बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायचे.

केतकी दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी वही उघडून उभी राहिली.

"पाय बघून काय कळणार, चाचा? उंची मोजली, उतार काढला. सगळं वहीत आहे."

"वहीत हाय व्हय..." मिस्त्री म्हणाले. "मग घे मशीन."

तिला तेव्हा आपण जिंकलो असं वाटलं होतं.

चहा आला, तरी कपाकडं केतकीनं बघितलंही नाही. ती फाटकातून आत गेली आणि अंगणातूनच हाक मारली, "सर, चला. आजचा पेपर वाचनालयात वाचायचा."

आरवाडे सर काठी टेकत बाहेर आले. धोतर नेसलेले, चपलांचे पट्टे घट्ट आवळलेले. मागं दारात काकू उभ्या राहिल्या.

"केतकी, एवढ्यात नको नेऊ गं त्यांना. आता पडले तर पुन्हा बाहेर पडायचं नाव घ्यायचे नाहीत."

"मागच्या खेपेला काटकोनात पडलो होतो," सर म्हणाले. "तेवढा कोन टाळला की झालं."

केतकी हसली. इतक्या लांब जाऊन शिकून ती परत आली होती, ते याच दहा पावलांसाठी.

एक पाऊल. दुसरं. तिसरं. सर फाटकातून बाहेर आले. चौथं.

पाचव्याला उजवा पाय उचलला गेला. उंच, ओढा ओलांडावा तसा. आणि जिथं जमीन असायची तिथं ती नव्हती. पाय पोकळीतून खाली गेला. काठी सरकली...

मिस्त्रींच्या हातातला कप फरशीवर फुटला. सर पडले नाहीत, कारण त्यांच्या काखेखाली मिस्त्रींचा खांदा आला होता.

"तिथं काही नाहीये, सर." केतकीचा आवाज चिरकला. "मी घासलंय ते. काहीच नाहीये तिथं."

"मला माहीत आहे गं."

सरांचे ओठ पांढरे पडले होते. ते वळले. घराकडं.

केतकी धावत ग्राइंडरकडं गेली आणि गुंडाळलेली वायर भराभरा सोडू लागली. "थांबा सर. थोडं राहिलं असेल. अजून दोन सूत घासते. थांबा..."

मिस्त्रींनी वायरीवर पाय ठेवला.

"दगडात काय राहिलंय?"

तिनं लाल रेघेकडं बघितलं. लेझर अजून चालूच होतं.

"...काही नाही."

"मग घासणार काय?"

तिच्या हातातली वायर सुटली.

"आठ दिवस काय बघ म्हटलं होतं?"

"पाय."

"आणि इंजिनियरबाईंनी काय बघितलं?"

करंजाचं एक पान खाली आलं. फुटक्या कपाभोवती चहा पसरत होता.

"...कड," केतकी म्हणाली.

मिस्त्रींनी वायरीवरचा पाय काढला. घासताना धूळ बसवायला आणलेला पाण्याचा डबा उचलला आणि उरलेलं पाणी त्याच जागेवर ओतलं. मग सरांसमोर जाऊन खाली बसले.

"सर, चपला."

"दस्तगीर, राहू दे आता. झाली माझी शोभा तेवढी पुरे."

"सर, माझ्या पोराला तुम्ही दहावीला भूमिती किती वेळा समजावली?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"सांगा तर."

सरांनी आठवून बघितलं. "बैलाचं डोकं होतं त्याचं. मोजलं नाही."

"चपला काढा."

सरांनी चपला काढल्या. एक हात मिस्त्रींच्या डोक्यावर, एक काठीवर. मिस्त्रींनी त्यांचा उजवा घोटा दोन्ही हातांत धरला आणि तळवा ओल्या काँक्रीटवर ठेवला.

"उचलायचा न्हाई. घासत न्यायचा."

तळवा पुढं गेला. मागं आला. ओल्या काँक्रीटवर कातडीचा बारीक खरखर आवाज. मिस्त्री घोटा फिरवत होते. आतून बाहेर, अर्धगोल, मग पुन्हा आतून बाहेर. घाई नाही, दाब नाही. केतकी बघत राहिली. हात असाच फिरवायला त्यांनी तिला शिकवलं होतं. हेच अर्धगोल, हीच चाल. फक्त मशीनच्या जागी सरांचा पाय होता.

"चाचा... किती वेळ?"

"मशीन किती वेळ फिरवलंस?"

"लक्षात नाही. पार गुळगुळीत होईपर्यंत."

"मग."

ती पुढं सरकली, मिस्त्रींच्या शेजारी उकिडवी बसली आणि सरांचा डावा घोटा धरला. उजवा टेकला की डावा, डावा टेकला की उजवा. दोघं मिळून बराच वेळ घासत राहिले. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. भाजीवाल्या बाईनं थांबून बघितलं आणि निघाली. मध्येच केतकीला पंजांतला बदल कळला. सरांची बोटं आतापर्यंत आखडलेली होती. ती एकेक करून उलगडत होती.

"सोड," सर हळूच म्हणाले. "दस्तगीर, तूही सोड."

ते चार पावलं मागं गेले, फाटकाच्या आत. तिथून निघाले. अनवाणी.

एक. दोन. तीन. चार.

पाचवं पाऊल जमिनीलगत गेलं. सपाट. पलीकडं टेकलं.

सर थांबले. मान वळवून त्यांनी मागं बघितलं. आता ते परत येतील, शाबासकी देतील, असं केतकीला वाटलं. पण सरांनी तोंड फिरवलं आणि ते पुढंच निघाले. करंज मागं पडला. शेजारचं फाटक मागं पडलं. काठी जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहायला लागली.

"अहो, चपला," दारातून काकू ओरडल्या.

सरांनी न बघता काठी हलवली. ते जवळजवळ पळत होते.

केतकीला हसू फुटलं. आज सरांची खुर्ची भरणार होती. उद्या दोन नंबर, परवा तीन, पावसाळ्याआधी बेचाळीसच्या बेचाळीस. तिनं चपला झटक्यात उचलल्या आणि सरांच्या मागं धूम ठोकली.

फाटकापुढं तिचा उजवा पाय उचलला गेला. उंच.

तिनं स्वतःच्या हातानं घासलेल्या, स्वतःच्या हातानं मोजलेल्या जागेवर.

ती तशीच थबकली, एका पायावर. सरांच्या चपला छातीशी धरलेल्या. मोकळा हात आपोआप हनुवटीवरच्या व्रणाकडं गेलेला.

लांबून सरांचा आवाज येत होता. वाचनालयाच्या पायरीवरून ते कुणालातरी खुर्चीवरून उठायला सांगत होते.

केतकीनं मान वळवली. मिस्त्री फुटक्या कपाचे तुकडे वेचत होते.

"चाचा... झालं का काम?"

त्यांनी तिच्या पायाकडं बघितलं.

"दोन नंबरची कड उद्या तू एकटी कर," ते म्हणाले. "आज तो पाय खाली ठेव."