लव्हाळ्याचं जेवण

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका उन्हाळ्यात नदी सुतासारखी बारीक झाली. वरच्या अंगाला दांडगोबा रानडुकरानं चिखलाचा बांध घातला आणि तो आत मजेत लोळू लागला. खाली पाणमांजरांचा डोह आटत चालला. तरणी पाणमांजरं चवताळली, “चला, त्याला फाडूनच टाकू!”

“थांबा, आधी मी बोलून येते,” त्यांच्यातली थोरली रेवाक्का म्हणाली. बांधापाशी जाऊन ती गोड आवाजात म्हणाली, “दांडगोबा, आमच्याकडे जेवायला चला. काठच्या लव्हाळ्याचे गड्डे आहेत.”

दांडगोबाच्या तोंडाला पाणी सुटलं. तो धावतच खाली आला. काठ उकरून त्यानं एक गड्डा चावला आणि थू थू करत ओरडला, “हे काय, लाकूड? दरवर्षी किती रसाळ असतात!”

“दरवर्षी इथं पाणी असतं हो,” रेवाक्का म्हणाली.

दांडगोबा कान पाडून उभा राहिला. मग तो वर गेला आणि नाकाडानं त्यानं बांधाला वाट पाडली.

पाणी खाली निघालं. त्याच्या पुढे दांडगोबा धावत होता, “आलं, आलं! मी आणलं!”

रेवाक्का म्हणाली, “हो तर, तुम्हीच आणलंत.”