महाराजांच्या डोक्यावरून विमान

"माळ वापरा, विमानं उडवा. पण आमच्या डोक्यापेक्षा वर कुणी जायचं नाही," महाराज म्हणाले, आणि घोटवडचा फ्लाइंग क्लब उडायच्या आधीच खाली बसला.

संस्थान जाऊन जमाना झाला होता. राहिला होता राजवाडा, गावाबाहेरचा मोठा माळ आणि महाराजांचा ताठा. गावात कुणाला नारळ उतरवायचे असले, तर आधी राजवाड्यावर वर्दी जायची. मग महाराज जिने चढून गच्चीवर बसायचे. नारळ उतरले की महाराज उतरायचे. गुडघे कुरकुरायचे, पण नियम म्हणजे नियम.

हरबा शेलार विमानदलात वैमानिक होता. निवृत्त होऊन गावी आला तो दोन हलकी विमानं घेऊनच. एकेकात दोनच माणसं मावतात, एक शिकवणारा, एक शिकणारा. सरकारचे सगळे कागद हातात होते. बारा जणांनी नावं दिली होती, पण दसऱ्याला पहिलं उड्डाण झालं नाही तर नावं मागं घेऊ, असंही बजावलं होतं. यादीत पहिलं नाव यमुना पगडे. राजवाड्याच्या पगड्या बांधणाऱ्या घरातली ही पोरगी. ट्रकमधून येताना विमानाच्या पंखाचं कापड फाटलं, ते हिनं असं ताणून बसवलं की हरबा बघतच राहिला. "मजुरी काय घेशील?" त्यानं विचारलं. "पहिला नंबर," ती म्हणाली.

आता तो पहिला नंबर महाराजांच्या डोक्यापाशी अडकला होता.

"महाराज, मग तुम्हीच बसा विमानात," हरबा म्हणाला.

"प्रत्येक खेपेला? मग शिकणारा कुठं बसणार, आमच्या मांडीवर?"

"तुम्ही गच्चीवर बसा. आम्ही गच्चीच्या खालून उडतो," हरबा वैतागून म्हणाला.

"चिंचेत अडकाल," कारभारी म्हणाले. कारभाऱ्यांना खोड्या काढण्यापलीकडे काम नव्हतं.

हरबा परत आला आणि विमानाच्या चाकावर डोकं टेकून बसला. "विमानं परत पाठवतो, पोरी. या माणसापुढं इलाज नाही."

"हरबाकाका," यमुना म्हणाली, "सरपंचाच्या लेकीच्या लग्नाला तुम्ही होतात ना?"

"होतो. त्याचं काय?"

"महाराज आले होते का?"

"छे. पाय सुजला होता. पगडी पाठवली होती, नेहमीसारखी."

"बास," म्हणून ती उठली. "दसऱ्याला विमान पुसून ठेवा."

दसऱ्याच्या सकाळी सगळं गाव माळावर लोटलं. महाराज खुर्ची टाकून बसले. हरबा नियम मोडतो की काय, हे उंचावरून बघायला त्यांनी कारभाऱ्यांना नियमातून तेवढ्यापुरती सूट देऊन राजवाड्याच्या गच्चीवर बसवलं होतं.

यमुना दसऱ्याची नवी पगडी तबकात घेऊन पुढं आली. मुजरा केला.

"महाराज, एक विचारू?"

"विचार."

"सरपंचाच्या लेकीच्या लग्नात तुमची पगडी चौरंगावर ठेवली होती. नवरदेव घोड्यावर होता. त्याला खाली उतरवलं, ते कशासाठी?"

"आमच्यापेक्षा उंच बसला होता म्हणून."

"पण तुम्ही तर राजवाड्यात होतात. तिथं नुसती पगडी होती."

महाराज ताठ झाले. "नुसती? अगं, तुझ्या घरात सात पिढ्या पगड्या बांधतात आणि एवढं कळत नाही? आम्ही नसू तिथं पगडी म्हणजे आमचं मस्तक. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"हो की नाही रे?" यमुनानं गावाला विचारलं.

"हो," गाव म्हणालं. सणाला सासुरवाडीला आलेला तो नवरदेव सगळ्यात मोठ्यानं म्हणाला.

यमुना वळली, तबकातली पगडी घेऊन विमानात चढली. हरबा आत बसलेलाच होता. बसायच्या जागेच्या वर, छताला, तिनं आदल्या दिवशीच एक कापडी कप्पा शिवून ठेवला होता. हरबाच्या टाळूपासून बरोबर वीतभर उंच. पगडी त्यात बसवली, पट्ट्यानं बांधली. मग आपण हरबाच्या शेजारी बसली.

महाराजांना काही सुचायच्या आत विमान धावलं आणि उठलं. माळावरून गेलं, चिंचेवरून गेलं, राजवाड्यावरून वळलं, महाराजांच्या अगदी डोक्यावरून परत आलं आणि अलगद टेकलं.

महाराज काठी आपटत आले. "नियम मोडला. आम्ही इथं खाली, आणि तुम्ही आमच्या डोक्यावरून गेलात."

"नाही जी," यमुना पगडी काढत म्हणाली. "मस्तक सगळ्या वेळ आमच्या वर होतं. खाली होते ते नुसते पाय."

"आम्ही इथं हजर असताना पगडी मस्तक कशी?"

"इथं हजर होतात, वर नव्हतात. तुम्ही नसाल तिथं पगडी, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. आता ते खोटं म्हणत असाल, तर नवरदेवाला परत घोड्यावर बसवून गावभर मिरवावं लागेल. त्याचा घोडा तयारच आहे."

नवरदेव खरंच लगाम धरून उभा होता.

महाराजांनी घोड्याकडं पाहिलं, विमानाकडं पाहिलं. मग यमुनाच्या हातातली पगडी उचलून डोक्यावर चढवली.

"बरं. आमचं मस्तक वर जाऊन आलं, तर आम्हाला वरून काय दिसलं ते सांग. नाही सांगता आलं, तर विमानं उद्या परत."

हरबाचा चेहरा पडला. यमुना मात्र हसली.

"गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं दिसलं, महाराज. आत दोन माकडं डुंबत होती. आणि टाकीला टेकून कारभारी घोरत होते."

महाराजांनी सकाळी त्याच टाकीच्या पाण्यानं चूळ भरली होती. ते पचकन थुंकले. मग पोट धरून असे हसले की पगडी घसरून नाकावर आली.

"माळ क्लबचा," ते डोळे पुसत म्हणाले. "कायमचा. आणि या पोरीचं शिक्षण राजवाड्याकडून. हरबा, दुपारच्या खेपेला आम्ही स्वतः बसतो. ती माकडं बघायचीच आहेत."

"बसा की," यमुना म्हणाली. "पण पगडी खाली ठेवून. दोन मस्तकांचं वजन विमानाला झेपायचं नाही."