गुणा कोठावळा आणि न जेवणारी मावशी

फार वर्षांपूर्वी, निंबखडकच्या वेशीला दरवाजा होता आणि दरवाजाला कडीही होती, तेव्हाची ही हकिगत. आता दरवाजा राहिला नाही. कडीला एका घरी म्हैस बांधतात. हकिगत मात्र जागच्या जागी आहे.

त्या काळी सगळ्या गावाचं बियाणं एकाच कोठारात राहत असे. दगडी खोली, आत शेणानं सारवलेल्या बांबूच्या कणग्या आणि कणग्यांत पुढच्या पेरणीची ज्वारी. ते कोठार सांभाळणाऱ्याचं नाव गुणा. कोठार सांभाळतो म्हणून कोठावळा. माणूस उंच, थोडा वाकलेला आणि बोलायला फार कमी. दिवसाला सात शब्द बोलायचा, असं म्हणतात. आठवा लागलाच तर तो उद्यावर टाकायचा.

पण कोठार खरं सांभाळायची ती त्याची धामण. एका पुरात बोटाएवढं पिल्लू पाण्यावरून वाहत आलं. गुणानं ते काठीवर उचललं आणि कोठारात आणून सोडलं. धामणीला विष नसतं, आणि उंदरांशी तिचं जे नातं असतं ते शेतकऱ्याच्या सोयीचं असतं. भिंतीच्या तळाशी मोरी होती, ती कायम उघडी. जायचं असेल तर तिनं जावं. ती गेली नाही. गुणा तिला मावशी म्हणायचा, म्हणून गावही मावशी म्हणू लागलं. ती सात हात लांब होती, असं म्हणतात. दोन पिढ्यांपूर्वी ती पाच हात होती. मेल्यानंतरही वाढत राहिलेला जीव आमच्या भागात तेवढा एकच.

आता निंबखडकचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. ते गाव आग्रहाचं. आसपासच्या गावांत म्हणत, ‘निंबखडकला जेवायला जायचं तर दोन दिवस आधी उपास धरावा आणि दोन दिवस नंतर.’ एकदा एक बैरागी तिथं भिक्षेला थांबला. सातव्या पोळीला त्यानं हार खाल्ली आणि कुंपणावरून उडी टाकून पळाला. ‘महाराज, निदान भात तरी!’ करत लोक वेशीपर्यंत त्याच्यामागं धावले. या सगळ्यांत पुढं भागाबाई पाटलीण. तिच्या पंगतीत कोणी पानावर आडवा हात धरला, तर ती हातावर वाढायची.

एका वर्षी उन्हाळा सरत आला, पेरणी महिन्यावर आली आणि मावशीनं खाणं सोडलं.

गुणाला ते कळलं ते असं, की एक उंदीर तिच्या अंगावरून चालत गेला आणि तिनं मान उचलली नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या पाहुण्यांना घेऊन आला. आठ दिवसांत पहिल्या कणगीला भोक पडलं आणि त्यातून ज्वारीची धार लागली. गुणानं शेणाचा गोळा लावून ते बुजवलं. सकाळी दोन भोकं झाली. ती बुजवली, तर चार.

गावाला बातमी लागली आणि गाव वाट्या घेऊन धावलं. सापाला दूध लागतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सापाला तेवढं ठाऊक नव्हतं. दूध झालं, मग साय झाली. मग कोणी अंडं आणलं, कोणी खीर, कोणी केळं. एका सुगरणीनं जिवंत उंदीर पकडून त्याला तूप चोळलं आणि केळीच्या पानावर बांधून ठेवला. पानाभोवती रांगोळी काढली होती, असं म्हणतात. मावशी जिकडं तोंड वळवी तिकडं एक वाटी असे आणि वाटीवर एक चेहरा.

‘खा गं बाई, एवढा एक घास!’

‘माझ्या गळ्याची शपथ आहे!’

‘थोरलीच्या हातचं खाल्लंस आणि माझ्या हातचं नको होय?’ वास्तविक तिनं थोरलीच्या हातचंही खाल्लं नव्हतं, पण जावाजावांच्या भांडणाला धामणही पुरते.

शेवटी देवऋषी आणला. त्यानं डोळे मिटले, थोडा घुमला आणि सांगितलं, की मावशीचा अपमान झाला आहे आणि तो तिला सांभाळणाऱ्याच्याच हातून झाला आहे. कोणता अपमान, हे तो सांगेना. पंचांना तेवढं पुरलं. मावशी मेली तर बियाणं गेलं, आणि बियाणं गेलं तर गुणानं या गावात राहू नये, असं चावडीवर ठरलं. गुणा काहीच बोलला नाही. त्याचे त्या दिवसाचे शब्द संपले असावेत.

दुपारी तो कोठारात मावशीसमोर जाऊन बसला. तिची कातडी जुन्या राखेसारखी झाली होती. डोळ्यांवर निळसर साय धरली होती. तिला दिसत तरी होतं की नाही कोण जाणे. दारात बायका उभ्या होत्या आणि मावशी वाट्यांच्या मधोमध अंग चोरून बसली होती. तशी बसलेली गुणानं पूर्वी एकदा पाहिली होती. ती साप नव्हती. ती त्याची बायको होती, वेणू.

त्यांचं मूल तीन महिन्यांचं असताना दगावलं, तेव्हा वेणूनं जेवण सोडलं होतं. सगळं गाव ताटं घेऊन उंबऱ्यावर उभं राहिलं. कोणी घास धरला, कोणी शपथ घातली. गुणानंही घातली. ती एकदाच म्हणाली होती, ‘भूक लाजरी असते हो. तुम्ही सगळे बघत बसलात तर ती येईल कशी?’ कोणी बाजूला झालं नाही. माया एवढी दाटली होती की दारातून वारा आत येईना. वेणू महिन्याच्या आत गेली. तिच्या तेराव्यालाही गावानं आग्रह करकरून वाढलं.

गुणा उठला. त्यानं सगळ्या वाट्या गोळा करून दाराबाहेर ठेवल्या. तूप लावलेला उंदीर सोडून दिला. तो जन्मभर चकाकत होता, असं म्हणतात. मग तो चावडीवर गेला आणि आठवडाभराचे शब्द एकदम बोलला.

‘मावशीला कोणी बघायचं नाही. कोणी हाक मारायची नाही. तिच्याकडं सगळ्या गावानं पाठ करायची.’

‘आणि उपाशी मेली तर रे, गुणा?’ पंचांनी विचारलं.

‘तर मी जातो.’

त्यानं एक गोणपाट भिजवून कोपऱ्यातल्या खडबडीत दगडाशी टाकलं, दगडी कुंडीत पाणी भरलं, दार लावलं आणि दाराकडं पाठ करून पायरीवर बसला. आत काय चाललंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. उंदरांचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येत होता.

मग निंबखडकमध्ये जी शांतता झाली तशी पुन्हा कुठं झाली नाही. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढली. जाती बंद पडली, लोक ज्वारी शिजवून खाऊ लागले. कुत्री भुंकायला तोंड उघडत आणि लाजून मिटत. ओढा दगडांवरून पाय न वाजवता जाऊ लागला, असं म्हणतात. जावाजावांनी भांडणं खुणांनी केली, आणि ती लवकर मिटतात असं त्यांच्या ध्यानात आलं.

सातव्या दिवशी भागाबाई पाटलिणीला राहवेना. पदराखाली वाटी घेऊन ती पायरीशी आली.

‘भावजी,’ ती कुजबुजली, ‘नुसती वाटी ठेवते आत. बघत नाही.’

‘वाटीलाही डोळे असतात, वैनी.’

‘अहो, पण जीव आहे तो! माझं आतडं तुटतंय.’

‘तुमचं आतडं तुटतंय म्हणून तिनं जेवायचं?’

पाटलीण गप्प झाली. ही गोष्ट गावाच्या आठवणीत पहिलीच. मग ती म्हणाली, ‘वेणूच्या वेळी मीच सगळ्यांत पुढं होते.’

‘तुमच्याही पुढं मी होतो,’ गुणा म्हणाला.

तिनं वाटी खाली ठेवली आणि दाराकडं पाठ करून त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली. वाटीतलं दूध मांजरानं प्यालं. त्याला कोणी आग्रह केला नव्हता.

आठव्या दिवशी सगळं गाव येऊन त्या दोघांच्या मागंपुढं बसलं, सगळ्यांच्या पाठी कोठाराकडं. नवव्या दिवशी सकाळी आतून सळसळ ऐकू आली, कोणी नवं लुगडं उलगडावं तशी. कोणी मान वळवली नाही. मग एक बारीक चीं झाली. मग दुसरी. मग उंदरांचा आवाज आला तो धावण्याचा, आणि दुपारपर्यंत तोही थांबला.

गुणानं दार उघडलं. दगडापासून कणगीपर्यंत अखंड कात पडली होती, ओठांपासून शेपटीच्या टोकापर्यंत, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. आणि कणगीच्या पायाशी मावशी पसरली होती, ओल्या काळ्या दगडासारखी चमकत, पोटात एकामागं एक चार फुगवटे घेऊन. बियाणं अर्ध्याहून जास्त वाचलं होतं. पेरणी झाली.

पाटलिणीनं आत डोकावून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, चारच?’

गावानं तिच्याकडं असं पाहिलं, की ती पुढं वर्षभर पंगतीत नुसतं पाणी वाढत होती.

पुढं गुणा म्हातारा झाला आणि एक दिवस त्यानंही जेवण सोडलं. गाव आलं. एक ताट आत झाकून ठेवलं, दार लोटलं आणि घराकडं पाठ करून सगळे अंगणात बसले. कोणी हाक मारली नाही. तिसऱ्या सकाळी दार उघडलं, तर ताट पुसून पालथं घातलेलं होतं. उंबऱ्याशी गुणाचं धोतर आणि बंडी पडली होती, नेसलेल्या निऱ्या न मोडता, कात टाकावी तशी. धुळीत ओढ्याकडं दोन माग गेले होते, एक अनवाणी पावलांचा आणि त्याच्या शेजारी एक नागमोडी. ओढ्यापलीकडं कोणी शोधायला गेलं नाही. गावानं पाठ करायची ती नीट केली, असं म्हणतात.

कोठार आता पडलं आहे. पायरी तेवढी आहे. नागपंचमीला त्या पायरीवर दूध ठेवत नाहीत. भिजवलेलं गोणपाट ठेवतात आणि घरी येतात, मागं न बघता.

आणि निंबखडकमध्ये आजही कोणाच्या घरी कोणी जेवेनासं झालं, मग ते दुखण्यानं असो, दुःखानं असो की सुनेच्या रुसण्यानं, तर ताट आत झाकून ठेवतात आणि घरची सगळी माणसं दाराकडं पाठ करून ओट्यावर बसतात. याला गुणाची पाठ म्हणतात. रस्त्यानं जाणारा ती रांग बघतो, काय ते समजतो, चपला काढतो आणि रांगेच्या टोकाला थोडा वेळ बसून जातो. ताट रिकामं निघालं का, हे विचारायची तिथं पद्धत नाही.