पन्नासवाला व्हॉल्व्ह

रेडिओ कपाटाएवढे असायचे तेव्हाची गोष्ट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दिगंबर मिस्त्रींच्या खोक्यात आवाज मोठा करणारे, बल्बसारखे काचेचे तीन व्हॉल्व्ह राहायचे. एकदा एका ॲम्प्लिफायरसाठी त्यांतले दोन हवे होते.

मिस्त्रींनी एकेकाला मीटरवर लावलं. दोघांचा काटा तीसवर थांबला, तिसऱ्याचा थेट पन्नासवर गेला.

“माझ्यासारखा दुसरा नाही,” तो ऐटीत म्हणाला.

मिस्त्रींनी तीसवाले दोघे उचलून शेजारीशेजारी बसवले. गाणं सुरू झालं.

“अहो, मी राहिलो की,” पन्नासवाला म्हणाला.

“जोडीतला एकच जोरात ओढायला लागला की गाणं फाटतं बाबा,” मिस्त्री म्हणाले. “तुझ्यासारखा दुसरा मिळाला की तुला लगेच घेतो.”

तेव्हापासून खोक्यात नवा व्हॉल्व्ह आला की पन्नासवाला सरकून जागा देतो आणि हळूच विचारतो, “काय हो, तुमचा काटा कुठवर जातो?”