भुरीनं काय आणलं

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सगुणामावशी राहायची, ती आणि तिची मांजर भुरी. तिसरं माणूस त्या घरात नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. पण गावात मावशीला मान मोठा. कुणाचं पोर किरकिरलं, कुणाच्या गाईनं पान्हा चोरला, की मावशीला बोलावणं आलंच. मूठभर मीठ, मोहऱ्या नि लाल मिरच्या घेऊन ती दृष्ट काढायची. निखाऱ्यावर मिरच्या टाकल्यावर ठसका लागला तर काळजी नाही. ठसकाच लागला नाही, तर समजावं की कुणाचीतरी जबर नजर आहे.

आता भुरीचं ऐका. मांजर कसली, महाराणीच ती! हाक मारली तर यायची नाही, न मारली तर पायांत पायांत. दूध प्यायची ते भिंतीकडे तोंड करून. निजायची फक्त सुपात, त्यामुळे धान्य पाखडायचं असलं की बाईसाहेबांची झोप होईस्तोवर मावशी थांबायची. आणि रोज सकाळी ती काहीतरी आणून उंबऱ्यावर ठेवायची. उंदीर, पाल, कधी नुसतंच पीस. ठेवायची आणि मावशीच्या तोंडाकडे बघत बसायची. "शहाणी गं माझी ती!" असं म्हटल्याशिवाय हलायची नाही.

शेजारच्या घरात बकुळा नावाची नवी सून आली. दोन्ही घरांची भिंत एकच. एकदा बकुळानं जुईचा गजरा माळला होता. मावशी बघतच राहिली. तोंडानं एवढंच म्हणाली, "छान दिसतोय हो." दुसऱ्या सकाळी उंबऱ्यावर तोच गजरा, एकही कळी चुरगळली नव्हती. मावशीनं एकदा शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. पण तिनं गजरा उचलला, त्याचा वास घेतला आणि हळूच म्हणाली, "शहाणी गं माझी."

इथंच चुकलं बरं का.

पुढं बकुळाला मुलगा झाला. गुटगुटीत, हसरा. मावशी रोज त्याला न्हाऊ घालायला जायची, आणि मांडीवरून उतरवताना तिचा जीव खालीवर व्हायचा. एके सकाळी उंबऱ्यावर बाळाचं टोपरं आलं. त्याला अजून टाळूवरच्या तेलाचा वास होता. "उद्या देईन परत," असं मावशी स्वतःशीच म्हणाली आणि तिनं ते उशाखाली ठेवलं. तो उद्या काही उजाडला नाही.

मग एक दिवस भुरी आली ती फार जपून. मान उंच, पावलं हलकी, जबडा अलगद मिटलेला, पिलाला मानगुटीला धरून नेते तसा. पण तोंडात काहीच नव्हतं! ते 'काहीच नाही' तिनं सुपात ठेवलं, त्याला अंग लावून पसरली आणि घुरघुरू लागली. सुपात तांदूळ होते. मावशीनं वाकून पाहिलं, तर तांदळात खळगा पडला होता, तान्हं बाळ निजल्यावर पडेल तेवढा. तिनं हात लावला. तांदूळ कोमट होते. आणि खळगा जरासा हलला.

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हात काही मागं येईना. तोंडून आपसूक निघालं, "शहाणी गं माझी."

तिकडं बकुळाचं बाळ रडायचं थांबलं. हसेना, अंगावर पिईना. डोळे उघडे, पण बघणं नाही. इकडं मावशीच्या घरात सूप आपोआप डुलायचं आणि त्यातून बारीकसा हुंकार यायचा. मावशी अंगाई म्हणायची. तिला सुख वाटायचं नि भीतीही वाटायची. भिंतीपलीकडून बकुळाचं रडणं ऐकू आलं की ती कानांत बोटं घालायची. शेवटी तिनं भुरीला विनवलं, "ने गं बाई, जिथून आणलंस तिथं नेऊन ठेव." भुरीनं नुसते डोळे किलकिले केले. ती ओठांवरचं थोडीच ऐकायची? ती मनातलं ऐकायची.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला बकुळा धावत आली. "मावशी, चल गं! बाळाची दृष्ट काढ. हात गार पडलेत त्याचे."

मावशी गेली. जमलेल्या बायकांनी वाट दिली. तिनं मूठ बाळावरून ओवाळली, "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची..." असं पुटपुटत मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. जळून काळ्या पडल्या, पण वास नाही, ठसका नाही. पुन्हा टाकल्या. पुन्हा तेच.

"कुणा मेलीची गं एवढी नजर?" एक बाई कुजबुजली.

"कुणाची का असेना," बकुळा म्हणाली, "आपली मावशी आहे ना. ती काढील."

हे ऐकलं आणि मावशीनं हातातल्या उरलेल्या मिरच्या खाली ठेवल्या. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? मान राहिला असता, घरातलं सूपही डुलत राहिलं असतं. तिनं बाळाची गार मूठ हातात घेतली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "माझी. माझीच नजर लागली बकुळे. तुझा गजरा मी ठेवून घेतला. टोपरं माझ्या उशाखाली आहे. मला हे बाळ हवं होतं गं!"

तोच निखाऱ्यावरच्या मिरच्या तडतडल्या. असा ठसका उठला की बायका तोंडाला पदर लावून खोकू लागल्या. त्या धुरातून भुरी आत आली. मान उंच, जबडा अलगद मिटलेला. पाळण्यात चढली, ते 'काहीच नाही' बाळाच्या छातीवर ठेवलं आणि मावशीच्या तोंडाकडे बघत बसली.

"शहाणी गं माझी," मावशी रडत रडत म्हणाली. या वेळी अगदी मनापासून.

आणि बाळानं टाहो फोडला.

त्यानंतर गावानं मावशीला दृष्ट काढायला कधी बोलावलं नाही. बकुळाही महिनाभर बोलली नाही. मग एके सकाळी मावशीनं दार उघडलं, तर उंबऱ्यावर बकुळा उभी, काखेत बाळ. "मागितलं असतंस तर रोज मांडीवर दिलं असतं की मावशी," ती म्हणाली. तिनं बाळ मावशीच्या हातात दिलं, पण स्वतः तिथंच बसून राहिली, डोळ्यांत तेल घालून.

भुरी मात्र त्या संध्याकाळनंतर कुणाला दिसली नाही. असेल कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी सुपात निजलेली. तेव्हा लहानथोर हो, सकाळी उंबऱ्यावर काही सापडलं, तर शाबासकी देण्याआधी ते कुणाचं आहे एवढं बघा.

तात्पर्य: बोलून दाखवलेली इच्छा मागणं होते, मनात दडवून पोसलेली इच्छा दृष्ट होते.