दोन होड्यांमधलं पाणी

"माझं चित्र का बांधलं नाहीत, मास्तर?"

रघुवीरने हे पायरीवरूनच विचारलं. आत काही तो आला नाही.

दाजी मास्तर पडवीत बसून शिष्यांची चित्रं गोणपाटात बांधत होते. आयुष्यभर त्यांनी खाडी आणि समुद्र सोडून दुसरं काही रंगवलं नव्हतं. संध्याकाळच्या लाँचने ही चित्रं मुंबईच्या प्रदर्शनाला जायची होती. रघुवीरचं तेवढं भिंतीला टेकून राहिलं होतं.

मास्तरांनी सुतळीला गाठ मारली. "ते जायचं नाही."

"का?"

"खोट आहे त्यात."

रघुवीरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याच्या मनाने कधीचंच घेतलं होतं. म्हातारा सगळं शिकवतो, पण पाण्याचा तो खास निळा रंग मात्र हाती लागू देत नाही. आणि आता शिष्य वरचढ होतोय म्हटल्यावर त्याची वाटच अडवायला निघाला. संशय घेण्यात रघुवीरचा हात चित्रकलेपेक्षा जरा जास्तच बसला होता.

"कसली खोट? दाखवा तरी."

मास्तरांनी चित्र उजेडात धरलं. खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या दोन होड्या.

"नांगरलेली होडी येत्या पाण्याकडे तोंड करते. ही समुद्राकडे तोंड करून उभी. म्हणजे भरती. आणि ही गावाकडे तोंड करून. म्हणजे ओहोटी."

"एक सकाळी काढली, दुसरी दुपारी. दिसली तशी काढली."

"हं..."

"आणि ते?" रघुवीर तरातरा आत आला आणि त्याने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे मास्तरांचं सगळ्यांत नावाजलेलं चित्र होतं. त्यातही दोन होड्या, आणि त्यांचीही तोंडं उलटसुलट. "तुम्ही केलं की कला. मी केलं की खोट."

सापडला म्हातारा, असं त्याला वाटलं. बरंही वाटलं.

मास्तरांनी चित्र मांडीवर आडवं घेतलं आणि दोन्ही तळहात त्यावर ठेवले. दोन्ही होड्या झाकल्या गेल्या. मधे नुसतं पाणी उरलं.

"हे पाणी कुठे चाललंय?"

"आत... गावाकडे."

"मग दुसरी होडी कशाने वळली?"

रघुवीरने मास्तरांच्या चित्राकडे पाहिलं. इतकी वर्षं ते रोज डोळ्यांसमोर होतं, पण त्याने त्यात फक्त रंग शोधला होता. दोन होड्यांच्या मधलं ते पाणी येतही नव्हतं, जातही नव्हतं.

"हलकी होडी आधी वळते," मास्तर म्हणाले. "जड मागून. भरती-ओहोटीच्या मधे जरा वेळ पाणी थांबतं."

त्यांनी रघुवीरचं चित्र पुन्हा भिंतीला टेकवलं.

"होड्या वळत होत्या तेव्हा तू कुठे होतास?"

रघुवीरची मान खाली गेली. त्या वेळी तो ब्रश टाकून मास्तरांच्या घरामागे गेला होता. आतल्या खोलीच्या खिडकीशी टाचा उंचावून, तो निळा रंग कुठल्या बाटलीत लपवलाय ते शोधत होता. मास्तर तेव्हा धक्क्यावर बसले होते.

त्याला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण लगेच दुसरी शंका आत शिरली. यांना कळलं कसं?

"मास्तर... तुम्ही माझ्यावर नजर ठेवून होता?"

मास्तरांनी पुन्हा सुतळी हातात घेतली.

"तुला कशाला बघू? होड्या वळत होत्या ना."