डालीखालची अकरा पिलं

“ऐकू आलं होतं का तुला?”

चांदशहा बाबांनी विचारलं. खांद्यावर झोळी, झोळीत गावातून मागून आणलेल्या भाकरी, पायांना फुफाटा. वैशाखातली दुपार, दीड वाजलेला.

मी तकियाच्या, म्हणजे बाबांच्या फकिरी मठीच्या, ओट्यावर मांडी घालून बसलो होतो. साडेतीन तास झाले होते. डोळे नुकतेच उघडलेले, आणि छाती अशी फुगलेली की विचारू नका.

“आलं होतं, बाबा,” मी म्हणालो. “पण मी हललो नाही.”

 बाबा कडुलिंबाकडे बघत होते...

हे सांगताना आजही माझी मान वर होत नाही. पण सांगायला हवं.

मी अंबादास. शाळामास्तर होतो. नोकरी सोडून या फकिराच्या दारात येऊन राहिलो होतो, नाम घ्यायला. पाठांतर भरपूर आणि त्याचा माजही भरपूर. बाबांनी मला नाम दिलं नाही. अकरा पिलं दिली.

पिलं शेजारच्या झोपडीतल्या कौसाबाईंची. त्यांची कोंबडी मुंगसानं मारली आणि आठ दिवसांची पिलं उघड्यावर पडली. बाईंना मोतीबिंदू, अंधुक दिसायचं, घरात दुसरं माणूस नाही. सकाळ-संध्याकाळ त्या पिलांशीच बोलायच्या. म्हणून बाबांनी ती सांभाळायला घेतली आणि माझ्या गळ्यात टाकली. ही मोठी झाली की नामाचं बघू, म्हणाले.

मला अपमान वाटला. मी काय कोंबड्या राखायला आलो होतो?

काम तसं काहीच नव्हतं. सकाळी कडुलिंबाखाली पिलं डालायची, म्हणजे बांबूची मोठी डाल त्यांच्यावर पालथी घालायची, नाहीतर घार उचलून नेते. आत पाण्याची परळ, मातीची पसरट ताटली, ठेवायची आणि तिच्यात खडे टाकायचे, म्हणजे पिलू बुडत नाही. आणि बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सावली सरकली की डाल सरकवायची. एवढंच.

त्या दिवशी मी झाडाच्या पश्चिमेला, गार सावलीत डाल ठेवली आणि दहा वाजता ओट्यावर ध्यानाला बसलो. मनाशी ठरवलंच होतं, आज काही झालं तरी उठायचं नाही.

बाराच्या सुमाराला पिलं ओरडायला लागली.

रोजची चिवचिव नव्हती ती. एकसारखी, जीव तोडून...

मला कळलं होतं. ते लपवत नाही. ऊन डालीवर आलंय, हे आत कुठंतरी मला चांगलं कळलं होतं. पण मी स्वतःची समजूत घातली, की हे मन चळवायला आलेलं विघ्न आहे, इथं उठलो की हरलो. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

मग आवाज कमी होत गेला. एकेक करत थांबला.

सगळीकडे गाढ शांतता पसरली. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, साधलं.

कडुलिंबाकडे बघता बघता बाबांनी झोळी टाकली आणि धावत सुटले. सत्तरीचा माणूस, पण असा पळाला की पायातली एक वहाण वाटेतच राहिली. त्यांनी डाल उचलली.

परळ कोरडी ठणठणीत. तीन पिलं मेलेली. उरलेली चोची उघड्या टाकून, पंख पसरून मातीवर पडलेली.

मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त माठातलं पाणी आणि गुळाचा खडा आणायला सांगितला.

आतल्या खोलीत आम्ही ओलं गोणपाट अंथरलं. गुळाचं पाणी बोटाच्या टोकावर घ्यायचं, चोचीशी धरायचं, थांबायचं. पुन्हा एक थेंब. बाबा सातांकडे बघत होते. आठवं, सगळ्यात गळालेलं, त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

त्याचे पाय अजून तापलेले होते. मी थेंब धरत राहिलो. त्यानं एकदा मान उचलली, माझ्या बोटावर टेकवली आणि ते गेलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते दुसऱ्या पिलाला पाणी देत होते.

चारच्या पुढे झळा जरा कमी झाल्यावर बाबांनी सात पिलं पुन्हा कडुलिंबाच्या सावलीत डालली. तेवढ्यात कौसाबाई बाजारातून काठी टेकत आल्या. पदराच्या गाठीत पिलांसाठी मूठभर कण्या होत्या.

त्या रोजच्यासारख्या खाली बसल्या, डाल जराशी उचलून आत हात घातला आणि एकेका पिलाच्या पाठीवरून बोट फिरवायला लागल्या. सात झाल्यावर हात थांबला. त्यांनी पुन्हा सगळीकडे चाचपलं.

“कौसाबाई,” बाबा म्हणाले, “माझं चुकलं. मी उशिरा आलो.”

आणि मी गप्प उभा होतो. इतकंच नव्हे, माझ्या मनावरचा भार हलका झाला होता. पिलं मेली त्याची लाज आहेच. पण त्या क्षणी मला जे हलकं वाटलं, त्याची लाज त्याहून मोठी आहे.

बाबांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही...

“मी होतो इथं,” मी शेवटी म्हणालो. “ती ओरडत होती. मला ऐकू येत होतं.”

कौसाबाईंनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. रागावल्या नाहीत. मला काही झालं-बिलं होतं की काय, अशा काळजीनं त्यांनी विचारलं, “मग काय करत होता, मास्तर?”

देवाचं नाव घेत होतो, हे मला सांगता आलं नाही. 

त्यांनी गाठ सोडली, कण्या पिलांना घातल्या आणि डाल नीट बसवून झोपडीत गेल्या.

मी झाडाच्या बुंध्याशी कोसळलो. गुडघ्यांत डोकं घातलं, डोळे मिटले आणि ढसाढसा रडलो. मी पापी आहे म्हणालो. नामाच्या लायकीचा नाही, उद्याच निघून जातो, अकरा दिवस अन्नाला शिवणार नाही, असं काय काय बडबडत होतो. बाबा जवळच बसून होते. मी मान खाली घालून रडतच राहिलो. किती वेळ गेला, भान नव्हतं.

डालीखालून बारीक आवाज यायला लागला...

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता क्षमा करतील.

“नंतर रड, अंबादास,” ते म्हणाले. “सावली सरकली.”